भिंतीला टेकलेली मांडणी

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी फिटरने साडूच्या गोदामात लोखंडी मांडणी उभी केली. खाली जमिनीत बोल्ट, वर छताला टेकेल इतकी उंची, आणि सगळ्या रांगा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या. गोदाम साडूचं, मांडणी फिटरची, जागेचं भाडं वेळच्या वेळी.

कुरबूर सुरू झाली ती साडूने गोदाम विकायला काढलं तेव्हा. मांडणी उचलून नेतो, असं फिटर म्हणाला. त्याच्या मुलाने शहराबाहेर शेड घेतली होती, पण मांडणीवाचून तिचा उपयोग शून्य, आणि नवी करायची ऐपत नव्हती. साडूचं म्हणणं, जमिनीत रुतलं ते इमारतीचं.

"मग इतकी वर्षं माझेही पाय इथेच रुतलेत, तेही विकणार का?" फिटरने विचारलं.

बहिणी-बहिणींचं बोलणं बंद झालं. शेवटी दोघींच्या मामांना बोलावलं. मामा जुने गवंडी. त्यांनी दोन्ही साडूंकडून शब्द घेतला आणि निवाड्याची रीत सांगितली. एक रांग सोडवायची. इमारत होती तशी राहिली तर सगळी मांडणी फिटरची. इमारत दुखावली तर सगळी इमारतीची.

मुलगा बापाच्या कानाशी लागला, दारातली रांग सोडवा, ती कुठल्याच भिंतीला टेकलेली नाही. फिटरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी बसवलं ते आधी काढायचं, ही त्याची जन्माची सवय. तो मागच्या भिंतीपाशी गेला.

दोन बोल्ट सैल झाले आणि भिंत करकरली. छताखालून चीर निघाली, गिलावा त्याच्या खांद्यावर सांडला. भिंत खचत खचत मांडणीवर रेलली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

"ओढा, बाबा. भिंत त्यांची आहे," मुलगा म्हणाला.

फिटरने दोन्ही बोल्ट पुन्हा आवळले. पाना पुसला.

"मामा, ही आता भिंतच झाली."

साडूचा चेहरा उतरला होता. पुढच्या रांगा तरी ने, असं तो हळूच म्हणाला. पट्ट्या सोडल्या तर मागची रांग एकटी तग धरायची नाही, असं फिटरने त्याला सांगितलं.

मुलाने शेड सोडली आणि दुसऱ्याच्या गोदामात नोकरी धरली. बापाशी तो कामापुरतंच बोलत राहिला. फिटर त्याच वर्षी, थंडी सरता सरता, वारला.