मला चिकटवणाऱ्याला मी सोडलं नाही

मी एक जुनी वीट आहे. मित्रांनो, वीट म्हटल्यावर लगेच भिंत आणि सिमेंट डोळ्यांपुढे आणू नका. मी खेळण्यातली, प्लास्टिकची, लाल रंगाची वीट. डोक्यावर आठ टेंगळं आणि पोटात पोकळी, एवढाच माझा संसार. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ असं मोठी माणसं म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्याची नि माझी कधी गाठ पडली नसावी. मी डूख धरते, आणि एकदा धरला की विसरत नाही. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा. मी आपली जे घडलं ते सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, साच्यात दाबायचे, गार करायचे, की झाली वीट. माझ्याबरोबर त्याच मिनिटाला शेकडो बहिणी जन्मल्या. आम्हाला जन्मतःच एकच विद्या येते, ती म्हणजे पकड. खालच्या विटेची टेंगळं वरचीच्या पोटात घट्ट बसतात. पकड एवढी हवी की बांधलेलं उभं राहावं, आणि एवढीच हवी की लहान मुलाच्या बोटांनाही ते सोडवता यावं. धरणं आणि सोडणं, दोन्ही ज्या विटेला येतं तीच खरी वीट.

मी ज्या मुलीच्या हातात पडले तिला मी ताई म्हणते. तिच्या घरात मी बदकाची चोच झाले, टेलिफोन झाले, राणीचं सिंहासन झाले आणि एकदा तर तिच्या आईच्या डाळीच्या डब्यात दोन महिने राहून आले. ताई मोठी झाली तशा माझ्या बहिणी माळ्यावर गेल्या. मला मात्र तिनं पर्समध्ये ठेवलं आणि पहिल्या नोकरीच्या दिवशी सोबत नेलं. तो दिवस आठवला की मला आजही बरं वाटतं.

ती नोकरीही आमच्याच नात्यातली होती. त्या ऑफिसात व्हिडिओ गेम बनवत. गेममधलं सगळं जग विटांचं, म्हणजे झाडं विटांची, समुद्र विटांचा, माणसंही विटांची. खेळणाऱ्या मुलांनी एखादी गोष्ट फोडायची, तुकडे उडाले की त्यांतून दुसरंच काहीतरी बांधायचं. हे लोक लोकप्रिय पुस्तकं, सिनेमे, मालिका निवडत आणि लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन त्यांना विटांच्या जगात आणत. पण कुठली गोष्ट विटांना शोभेल, यावरून तिथे रोज हमरीतुमरी व्हायची.

ताईनं त्यासाठी एक पद्धत काढली. तिला सगळे ‘पाडणी’ म्हणत. दर बुधवारी एकेका कथामालिकेतला एक प्रसंग खऱ्या विटांनी टेबलावर बांधायचा आणि एका बोटानं पाडायचा. मग कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाचा हात न सांगता पुढे गेला आणि तुकडे पुन्हा जोडायला लागला, तर ती मालिका पास. हात मांडीवरच राहिले तर नापास, मग तिचं नाव कितीही मोठं असो.

‘काळा धूमकेतू’ नावाची अंतराळातल्या लढाईची मालिका होती. तिचं नाव घराघरांत ठाऊक. तिचं यान पाडलं तेव्हा सगळे हात मांडीवरच राहिले. त्या मालिकेत काही मोडलं की माणसं रडतात, हसणार कोण? ‘खिडकीतल्या मावशी’ ही मालिका चोर पकडणाऱ्या एका मावशींची. मावशी हुशार खऱ्या, पण दिवसभर खुर्चीत बसून बोलतात. ताई म्हणाली की विटांना नुसतं बसवून ठेवलं तर त्यांना स्वतःचाच वीट येईल. सगळे हसले, मी सुद्धा.

आणि मग एका बुधवारी आली ‘आगबोट नंबर सात’. नऊ पुस्तकांची मालिका. एक म्हातारी आगबोट, भांडखोर खलाशी, आणि प्रत्येक पुस्तकात बोट एकदा तरी मधोमध मोडणारच. मग खलाशी तिच्या तुकड्यांतून कधी तराफा करतात, कधी पूल, कधी बेकरी. ताईनं बोट बांधली आणि बरोबर मधल्या सांध्यावर मला बसवलं. इतक्या वर्षांनी माझी पकड जरा सैल झाली होती. ताईनं त्याला नावं ठेवली नाहीत, त्याचा उपयोग केला. तिनं बोट लावलं, मी सोडलं, बोट दोन तुकडे होऊन आडवी झाली, आणि चार हात एकदम पुढे आले. विटा लावून ठेवणारे काका तर ट्रे बाजूला टाकून धावले. ताईनं आपल्या टिपणात लिहिलं, ‘जिथे मोडणं हा विनोद आणि पुन्हा जोडणं हा पराक्रम, ती गोष्ट विटांची.’

आता सरांबद्दल सांगते. ते ताईच्या विभागाचे प्रमुख. आमच्यात एक तुकडा असतो, वरून सपाट, टेंगळं नसलेला, त्याच्यावर काहीच जोडता येत नाही. मी मनातल्या मनात सरांना ‘गुळगुळीत’ म्हणायची. त्यांना ‘काळा धूमकेतू’च हवा होता. आगबोटीला त्यांनी ‘भंगार’ म्हटलं होतं. ताईनं तरीही लेखिकाबाईंना पत्र लिहिलं. या बाईंनी आजवर सगळ्या गेमवाल्यांना वाटेला लावलं होतं, पण ताईच्या पत्राला उत्तर आलं की मी येऊन बघते. झालं. भंगार एका रात्रीत सोनं झालं. सरांनी पत्रव्यवहार आपल्याकडे घेतला, ताईचं टिपण आपल्या नावावर केलं आणि तिला खालच्या मजल्यावर पाठवलं, गेममधल्या पाट्यांचं शुद्धलेखन तपासायला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ताई खाली जाताना मला घ्यायला आली होती. पण मी बोटीत होते आणि बोट मोडायची परवानगी तिला नव्हती.

माझ्या मनात पहिली ठिणगी पडली ती तेव्हा.

लेखिकाबाई यायच्या आदल्या दुपारी सर बोटीकडे बघत उभे राहिले. पाहुण्यांसमोर पडली तर शोभा होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी काकांना बोट चिकटवायला सांगितलं. काकांनी हात मागे घेतले आणि विटेला डिंक लावणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं सांगून ते तोंड फिरवून गेले. मग सरांनी स्वतः बाह्या सरसावल्या. पक्क्या डिंकाची नळी घेऊन ते एकेक वीट उचकटत होते, डिंक लावत होते आणि दाबत होते. मित्रांनो, तुमचे ओठ कुणी एकमेकांना चिकटवले तर कसं वाटेल? माझ्या पोटात डिंक ओतला आणि मला खालच्या पिवळ्या विटेवर दाबून बसवलं. जळजळ झाली आणि मग काहीच जाणवेना. माझ्या डोक्यावर लावायला मात्र डिंक उरला नाही, नळी संपली. एवढ्याशा सांध्याकडे कोण बघतंय म्हणून त्यांनी वरचा भाग तसाच बसवला आणि हात पुसले.

त्या क्षणी मी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखिकाबाई आल्या. पांढरे आखूड केस, हातात कापडी पिशवी, बोलणं कमी. सर पाऊण तास बोलले. कुठल्या मालिका विटांना शोभतात, कुठल्या नाहीत, पाडणी काय असते, सगळं ताईचं. आवाज तेवढा त्यांचा. शेवटी ‘जिथे मोडणं हा विनोद’ हेही वाक्य त्यांनी छातीवर हात ठेवून म्हटलं.

लेखिकाबाई म्हणाल्या, “मग मोडून दाखवा की.”

सर हसले आणि नमुना नाजूक आहे, असं काहीतरी पुटपुटले. तोवर बाईंनी बोट लावलंसुद्धा.

आता ऐका. सगळ्या बोटीत एकच सांधा मोकळा होता, माझ्या डोक्यावरचा. मी नेहमीसारखं सोडलं असतं तर बोट मधोमध मोडली असती, टाळ्या पडल्या असत्या आणि सर तरून गेले असते. जन्मभर मी बोट लागताच सोडत आले. त्या दिवशी नाही सोडलं. होती नव्हती ती सगळी पकड एकवटून मी धरून ठेवलं. बोट टेबलावरून घसरत गेली, काठावरून खाली गेली आणि सरांच्या पायाच्या अंगठ्यावर अख्खीच्या अख्खी आदळली. ते एका पायावर नाचले. मी मनात म्हटलं, करावं तसं भरावं.

लेखिकाबाई हसल्या नाहीत. “माझी बोट नऊ पुस्तकं मोडते आहे,” त्या म्हणाल्या, “तुमची एकदाही मोडत नाही.” आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई गेल्या तर आगबोट गेली, आणि आगबोट सरांची कुठे होती? ती ताईची होती. सरांना बुडवायच्या नादात मी ताईचं स्वप्न बुडवलं होतं. सूड घेणाऱ्याला पुढचं दिसत नाही, मित्रांनो. मला तर डोळेच नाहीत.

पण सरांची जीभ अंगठ्यापेक्षा लवकर सावरली. ते म्हणाले की चिकटवण्याचा उद्योग खालच्या मजल्यावरच्या मुलीचा, बोट तिनंच बांधली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. दारात उभे असलेले काका हे ऐकून लालबुंद झाले. ते तडक खाली गेले आणि ताईला घेऊन आले.

बाईंनी तिला विचारलं, “ही तू चिकटवलीस?”

ताईनं बोट उचलली. पाठीवरून हात फिरवला, फटींतून ओघळून वाळलेला डिंक बघितला. तिचे डोळे भरले. तिनं सरांकडे पाहिलंही नाही. “मी विटेला डिंक लावत नाही,” ती म्हणाली. “ही बोट कुठे मोडते ते मला माहीत आहे.”

आणि तिनं अंगठा बरोबर माझ्यावर ठेवला.

त्या अंगठ्यासाठी मी काय केलं नसतं? मी सोडलं. टक् असा आवाज झाला, आगबोट नंबर सात मधोमध मोडली, धुरांडं टेबलावर गडगडत गेलं, आणि बाई खळखळून हसल्या. हसता हसता त्यांचा हात पुढे आला आणि त्या दोन्ही तुकडे उलटसुलट लावून बघू लागल्या. ते पाहून काकांनी डोळे टिपले. पिशवी खांद्यावरून कधी उतरली ते बाईंनाही कळलं नाही.

त्या म्हणाल्या, “जिला माझी बोट कुठे मोडते ते ठाऊक आहे, तिच्याशीच मी बोलेन.”

गेम झाला, ताईच्याच हाताखाली झाला, आणि मुलांनी डोक्यावर घेतला. सरांकडून निवडीचं काम गेलं. त्यांना खुर्च्या-टेबलांची देखभाल बघायला दिली. मी सुखावले नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण माझं काय? ताईनं मला सोडवायला जंग जंग पछाडलं. कोमट पाणी झालं, दोरा ओढून झाला, पातळ पातं घालून झालं. माझं एक टेंगूळ तुटायला आलं तेव्हा तिनं हात थांबवला. खालच्या बाकीच्या विटा कशाबशा सुटल्या, पिवळी मात्र माझ्या पायाखाली कायमची राहिली. आता मला बदक होता येत नाही, टेलिफोन होता येत नाही. मी ताईच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसते. कुणी मला उचलतं, ओढून बघतं, आणि सुटत नाही म्हटल्यावर ठेवून देतं.

परवा सर आले. ताईची डुगडुगणारी खुर्ची बघायला आले होते. खुर्ची नीट केली, मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला उचललं आणि फटीत नख घालून बराच वेळ प्रयत्न केला. नखाचा तुकडा पडला, मी तशीच.

“सुटत नाही गं ही,” ते खाली मान घालून म्हणाले. “चुकलं माझं. तुझ्याही बाबतीत.”

ताईनं त्यांच्या हातून मला घेऊन पुन्हा कागदांवर ठेवलं. मग म्हणाली, “झालं ते झालं, सर. बसा, चहा घेऊ.”

आणि दोघं खरंच चहा प्यायले. ती हसलीसुद्धा एकदा. मी शेजारीच होते, पोटात वाळलेला डिंक घेऊन. ताईचा राग मला आला नाही. ती माणूस आहे, तिला सोडता येतं.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या वस्तू जपून वापरा. मोडल्या तर पुन्हा जोडा, पण त्यांचा जीव घेऊ नका. माणसांना दुखवलंत तर ती कधी ना कधी माफ करतील, चहाही पाजतील. त्या भरवशावर आमच्याशी वागू नका. सरांना ताईनं माफ केलं. मी अजून केलेलं नाही.