झाकणाखालच्या गोळ्या

मित्रांनो, मी तपकिरीचा एक जुना डबा आहे. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. दक्षिण आफ्रिकेत झुलूंच्या गावातल्या एका गोल झोपडीत, मागच्या भिंतीशी माझी जागा. ती पूर्वजांची जागा, सुनेनं तिकडे पाऊल टाकायचं नाही. ह्या घरचा कर्ता बेकिझिझ्वे, त्याचे आजोबा माझ्यातली चिमूटभर तपकीर जमिनीवर ठेवून पूर्वजांशी बोलायचे. केवढा मान होता तेव्हा मला!

आजोबा गेले, तपकीर संपली. मग बेकिझिझ्वेनं माझ्यात एचआयव्हीच्या गोळ्या भरल्या. वाजू नयेत म्हणून वर कापूस कोंबला. त्याच्या बायकोला, नोमुसाला, कशाचाच पत्ता नव्हता. सून इकडे फिरकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गोळी रोज घ्यायची, म्हणजे बायकोला लागण होत नाही. पण घरात पाहुणे असले की त्याला माझ्याकडे येता येईना. लग्नं, मयतं, पाहुण्यांना काय तोटा! गोळ्या उरू लागल्या आणि माझा जीव धसकायला लागला. त्यातच नोमुसाला दिवस गेले. नर्स म्हणाली, एचआयव्हीच्या तपासणीला नवऱ्यालाही आण. तर हा म्हणे, "शेळ्या कोण बघणार?" अरे, बोल की बाबा आता! पण डब्याचं कोण ऐकतो?

परवा त्याची आई म्हणाली, "सूनबाई, माझे गुडघे गेले. बाळाची वर्दी पूर्वजांना तूच दे. घे तो डबा. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

नोमुसानं झाकण उघडलं, कापूस काढला. तिची थोरली बहीण ह्याच गोळ्या घेते, तिनं लगेच ओळखल्या. बेकिझिझ्वे दारातच थिजला.

"कुणाच्या ह्या?"

"माझ्या. लग्नाआधीपासून. तू सोडून जाशील म्हणून..."

"ते राहू द्या." तिचा हात पोटावर गेला. "आधी सांगा, एवढ्या उरल्या कशा?"

त्यानं झाकण उचलून परत माझ्यावर बसवलं.

आज सकाळी दोघं दवाखान्यात गेले. ऊन कलल्यावर फाटक वाजलं. बेकिझिझ्वे एकटाच आला.

"सूनबाई कुठंय रे?"

"बहिणीकडे गेली. तिलाही एचआयव्ही निघालं, आई. औषध नीट घेतलं तर बाळ वाचेल म्हणतात."

उरलेल्या गोळ्या अजून माझ्या पोटात आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्यात तपकीरच ठेवा. गोळ्या ताटाशेजारी ठेवा, आणि त्या कशाच्या आहेत ते समोर जेवणाऱ्या माणसाला वेळेत सांगा.