एक झाडली, एक सापडली

मित्रांनो, आजवर माझ्यावर नऊ हजारांहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या आणि तरीही मी तुमच्यापुढे उभी आहे. खरं सांगायचं तर आडवी आहे. मी पोलादाची एक जुनी टाकी आहे : दहा फूट लांब, कमरेइतकी उंच आणि गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली. गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. माझ्या एका टोकाला तिरपी नळी आहे. तिच्यात बंदुकीचं तोंड घालायचं, कान झाकायचे आणि चाप ओढायचा. गोळी पाण्यात चार हात धावते, दमते आणि निमूटपणे तळाशी बसते. भिंतीवर आपटली असती तर तिचा चेंदामेंदा झाला असता. माझ्या पोटात तिच्या अंगावरचा ओरखडासुद्धा पुसला जात नाही. आणि इथल्या माणसांना हवे असतात ते ओरखडेच.

माझ्याआधी हे काम कापूस भरलेली लाकडी पेटी करायची. तिच्यातून गोळी शोधायला अर्धा दिवस लागे आणि कधीकधी कापूस धुमसू लागे. आता ती कोपऱ्यात जुन्या फायली सांभाळते. काम तेच, पोटात घ्यायचं आणि हरवायचं.

माझ्याकडे बंदुकांची सगळी घराणी येऊन गेली. संग्रहालयातली तोड्याची बंदूक आली होती, पेटती वात दारूला लावायची ती. तिच्यानंतरच्या पिढीतली चकमकीची आली, गारगोटी आपटून ठिणगी पाडणारी. दोघी ठासणीच्या. दारू, गोळी आणि चिंधी तोंडातून ठासून भरायची. तेवढ्यात शत्रूला घरी जाऊन जेवून येता आलं असतं. पुढे कुणीतरी दारू, गोळी आणि ठिणगी एकाच धातूच्या टोपणात बसवली. ते काडतूस. काडतूस आल्यावर सहा घरांचं फिरतं रिव्हॉल्व्हर झटपट भरता येऊ लागलं, मागून पिस्तूल आलं आणि माणसाला विचार करायला मिळणारा वेळ कमी कमी होत गेला.

पण खरी गंमत नळीच्या आत झाली. पूर्वी नळी आतून गुळगुळीत असे. गोल गोळी तिच्यात आपटत आपटत बाहेर पडे आणि मनाला येईल तिकडे जाई. मग कारागिरांनी नळीत पिळदार चर पाडले. गोळी भोवऱ्यासारखी फिरू लागली, सरळ जाऊ लागली. मात्र त्या चरांचे ओरखडे तिच्या अंगावर उठू लागले. चर पाडणारं हत्यार झिजत असतं, नळी वापरानं आणि गंजानं बदलत असते. त्यामुळे एकाच कारखान्यात पाठोपाठ घडलेल्या दोन नळ्यांचे बारीक ओरखडेही सहसा जुळत नाहीत. ‘सहसा’ म्हणते, कारण आमच्या मॅडम ‘कधीच’ हा शब्द कुणाला वापरू देत नाहीत. थोडक्यात, माणूस नेम सुधारायला गेला आणि चहाडखोर तयार करून बसला.

मॅडम म्हणजे इथल्या तज्ज्ञ. पलीकडच्या खोलीत त्यांचा सूक्ष्मदर्शक आहे. दोन सूक्ष्मदर्शक एका पुलानं जोडलेले. डोळा लावला की अर्धी ही गोळी आणि अर्धी ती गोळी शेजारी शेजारी दिसतात. रेघेला रेघ मिळाली की दोन्ही गोळ्या एका नळीतल्या. चाप ओढायचं काम त्यांच्या मदतनिसाचं. माझी नळी एवढी जवळ की चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही, म्हणून सगळे त्यांना नेमबाज म्हणत. आणि तिसऱ्या मावशी. त्या झाडलोट करत आणि चहाही सांगत, त्यामुळे कचेरीतलं निम्मं काम त्यांच्याच जिवावर चाले.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगते.

एका गोदामाच्या व्यवस्थापकाच्या मांडीत तिन्हीसांजेला कुणीतरी गोळी घातली. व्यवस्थापक वाचला, पण मारणारा त्याला दिसला नाही. पकडला गेला गोदामाचा पहारेकरी. आदल्याच दिवशी रजेवरून त्याची व्यवस्थापकाशी जुंपली होती आणि त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस रिकामं होतं. तो म्हणाला, आवाज ऐकून मी धावलो आणि चोर पळावा म्हणून हवेत बार काढला. पोलीस म्हणाले, एक झाडली, एक मांडीत सापडली. हवेतली कुठाय?

तीन आठवड्यांनी त्याचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आलं. नेमकं त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं होतं : काडतुसांची बचत करा, एका शस्त्रामागे एकच बार. नेमबाजांनी एक बार काढला. मग लांब काठीच्या टोकाला मेणाचा गोळा लावून तळ चाचपला. एक गोळी चिकटून वर आली. एक झाडली, एक सापडली. पाकीट, चिठ्ठी, लाख. मॅडमनी ती मांडीतल्या गोळीशेजारी ठेवली. रेघेला रेघ मिळाली.

मित्रांनो, ती गोळी त्याची नव्हती. त्याची गोळी घरंगळत निचऱ्याच्या जाळीच्या वाकड्या कडेखाली गेली होती. वर आली ती आठवडाभरापूर्वीची. तेव्हा नाल्यात सापडलेलं एक बेवारस रिव्हॉल्व्हर दुसऱ्या पोलीस ठाण्यानं पाठवलं होतं, त्याच बनावटीचं. त्यातून दोन बार काढले, एक गोळी मिळाली, आणि दुसरी शोधणार तोच चहा आला. त्या रिव्हॉल्व्हरची फाईल गठ्ठ्यात आपल्या पाळीची वाट बघत पडली.

माझ्या वरच भिंतीवर नियमांची पाटी आहे. तिसरा नियम म्हणतो, नवं शस्त्र घेण्याआधी टाकीचा तळ रिकामा असल्याची खात्री करावी. त्या नियमावर कॅलेंडर टांगलेलं होतं.

अहवालावर सही झाली. चार वाजता तो न्यायालयात जायचा होता आणि पहारेकऱ्याची काही वर्षं त्या पाकिटात बंद होती. मला सगळं ठाऊक होतं. पण टाकीला पोट असतं, तोंड नसतं.

त्या सकाळी पहारेकऱ्याची सासू आली. अहवाल नातेवाइकांना मिळत नाही, असं तिला दोनदा सांगून झालं. ती बरं म्हणाली आणि माझ्या दारासमोरच्या बाकावर ठाण मांडून बसली. मावशींनी पाणी दिल्यावर तिनं जावयाचं सगळं चरित्र काढलं. तो आळशी आहे, घोरतो, लग्नात दिलेलं घड्याळ पहिल्याच महिन्यात हरवून बसला.

“पण माणसावर बंदूक? अहो, सुईत दोरा ओवायला मला बोलावतो तो. आणि मांडीला नेम धरणार?”

सासूबाईंनी दारातून आत मान घातली आणि नाक उडवलं.

“हे पाणी कधी बदललं होतं?”

मावशी म्हणाल्या, हे काही प्यायचं पाणी नव्हे.

“नसू दे. आमच्याकडे पायपुसणं बुडवतो ती बादलीसुद्धा याहून बरी असते.”

मावशींच्या हा शब्द वर्मी लागला. अहवाल, न्यायालय, रेघा यांच्याशी त्यांना घेणं नव्हतं. पण स्वच्छतेवरून परक्या बाईनं बोलावं? दुपारी त्यांनी माझा निचरा उघडला, बाह्या वर केल्या आणि खराटा घेऊन आत उतरल्या. वर्षभरानं माझ्या तळाला कुणाचा तरी हात लागला. जाळी उचकटली तशी त्यांच्या हाताला गोळी लागली. त्यांनी मॅडमना आणि नेमबाजांना हाक मारली.

नेमबाजांनी ती उजेडाकडे धरून बघितली. मग सावकाश म्हणाले, “मॅडम, जुनी असेल एखादी. सही झालीये अहवालावर.”

नेमबाज वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. सही झालेला कागद परत उघडायचा नाही, हे ते वीस वर्षं शिकत आले होते. मॅडमच्या सहीवर तर आजवर एकदाही प्रश्न आला नव्हता, आणि वरच्या पदासाठी त्यांचं नाव त्याच महिन्यात पाठवलं गेलं होतं. मॅडमनी गोळी तळहातावर घेतली. भिंतीवरचं घड्याळ पावणेदोन दाखवत होतं. गोळी परत टाकली असती तर फक्त मला कळलं असतं.

“जुनी असेल तर कुणाची तरी असेलच ना,” त्या म्हणाल्या. “भरा टाकी. पहारेकऱ्याचं रिव्हॉल्व्हर काढा. तीन बार.”

“परिपत्रक...”

“माझ्या नावावर टाका.”

मी अर्धी भरेपर्यंत अडीच वाजले. तीन बार झाले, तीन गोळ्या निघाल्या, प्रत्येक वेळी मावशींनी तळ चाचपून बघितला. मॅडम त्या घेऊन पलीकडच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला बसल्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पहारेकऱ्याच्या तीन गोळ्या आपसात जुळत होत्या आणि जाळीखालच्या गोळीशीही जुळत होत्या. मांडीतल्या गोळीशी एकही जुळत नव्हती.

मॅडमनी माझी नोंदवही मागवली आणि एकेक पान मागे गेल्या. नाल्यातलं रिव्हॉल्व्हर, दोन बार, मिळाली एक. नेमबाजांचंच अक्षर. त्यांनी न सांगता गठ्ठ्यातली फाईल आणून दिली. तिच्यातली गोळी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि मांडीतल्या गोळीशी रेघेला रेघ मिळाली. ते रिव्हॉल्व्हर नाल्यात कुणी टाकलं हे शोधणं पोलिसांचं काम होतं, आणि पुढे त्यांनी ते केलंही. आमच्यापुरतं उरलं होतं एक पत्र.

कचेरीत सगळ्यात अवघड वाक्य कोणतं, ठाऊक आहे? ‘माझी चूक झाली.’ त्याऐवजी ‘त्रुटी निदर्शनास आली’ असं लिहायची सोय आहे. त्यात चूक होते, पण करणारा सापडत नाही. मॅडमनी पहिलंच वाक्य लिहिलं. चार वाजता शिपाई आला तेव्हा जुना अहवाल आडवी रेघ मारून फाईलीत लागला होता आणि पाकिटात नवा होता.

पुढच्या आठवड्यात पहारेकरी सुटला. सासूबाई त्याला घेऊन आभार मानायला आल्या. कुणाचे मानायचे ते नीट कळेना, म्हणून सगळ्यांचे मानले. जावई मान खाली घालून उभा होता, कारण वाटेतच तो छत्री कुठेतरी विसरला होता. त्यावरून त्याला जे ऐकावं लागत होतं ते ऐकताना माझं पाणीसुद्धा हलकं झालं. तुरुंगात त्याला एवढं प्रेमानं कोण बोललं असतं?

मॅडम त्या वर्षी वर गेल्या नाहीत. कॅलेंडर मात्र समोरच्या भिंतीवर गेलं.

मित्रांनो, मी नऊ हजार गोळ्या पचवल्या, पण जड गेली ती एकच, तळाशी राहून गेलेली. तुमच्याही हाताखाली उद्या कुठलंतरी काम येईल. आकडे जुळले की माणूस हात झटकून चहाला जातो. जा, चहा प्यायलाच हवा. फक्त जाण्याआधी एकदा तळाला हात लावून बघा. आणि आम्हा जुन्या वस्तूंना वरचेवर घासत जा. आमच्या पोटात कुणाचं काय अडकलं असेल ते आम्हाला सांगता येत नाही.

निघताना सासूबाईंनी माझ्यात डोकावून बघितलं. तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं.

“आता कसं,” त्या मावशींना म्हणाल्या, “बादलीची लाज राखलीत.”

एवढ्या वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच. मला पुरलं.