घरच्या भावाची पिठी

कुळथाच्या पिठीची दहा हजार पाकिटं मुंबईला गेली असती, तर रितेशचा फायदा असा: पाकिटामागे कमिशन, व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर', आणि सासुरवाडीत पहिल्या पंगतीचा मान. पिठी मामेबहिणीची, शेड मामाची. त्याचं स्वतःचं भांडवल म्हणजे तोंड. ते मात्र कधी कमी पडलं नव्हतं.

लांज्याला हायवेलगत मामाच्या, म्हणजे आप्पांच्या शेडमध्ये बैठक बसली. रितेशने छपाईवाल्याला ॲडव्हान्स देऊनही टाकला होता. आप्पांच्या मुलीने, निशिगंधाने, पाकिटावरच्या मजकुराला हो म्हणायचं, एवढंच बाकी.

"तीनशे गिऱ्हाईकं झाली गो तुझी! आता थांबतेस कशाला?"

"गिऱ्हाईकं नाय ती, रितेशदादा. एक सोडला तर सगळे आपल्याच गोतातले. घरच्या भावात नेली आणि वानवळा म्हणून पुढच्याला दिली. काल ग्रुपवर विचारलं, पाकीट फोडलं कोणी? सगळ्यांनी अंगठे पाठवले. चवीबद्दल एक अक्षर नाय!"

"अंगठा म्हणजे छानच की."

"मावशीचं पाकीट अजून शोकेसमध्ये आहे, दादा."

आप्पांनी विचारलं, "आणि तो एक कोण?"

"फारुक. दाभोळचा, कतारला असतो. सुट्टीत आला तेव्हा खेडच्या दुकानातनं पुऱ्या किमतीला घेऊन गेला. परवा त्याचा फोन. म्हणाला, 'ताई, पिठी विकता की गोट्या?' त्याच्या खोलीतल्या केरळी दोस्ताने पाकिटावरचं इंग्रजी वाचून सरळ उकळत्या पाण्यात ओतली, गुठळ्याच गुठळ्या."

आप्पा हसत सुटले. "आधी गार पाण्यात कालवायची, हे काय सांगावं लागतं?"

"आपल्याला नाय लागत, म्हणून मी लिहिलंच नाय. गोतातच विकत बसले असते तर कळलंही नसतं. तीच चूक आता दहा हजारांवर छापू?"

"लोक शिकतात गो वापरून! माझा ॲडव्हान्स बुडेल."

"बुडू दे. मुंबईचा दुकानदार गेला तर तोही जाऊ दे. ज्याची माझी ओळख नाय असा माणूस दुसऱ्यांदा मागायला येईपर्यंत पिठी या शेडमधनं मुंबईला हलणार नाय. आणि आजपासून घरचा भाव बंद. आप्पा, तुम्हालाही."

"मला? अगो, शेड कोणाची?"

"भाडं लावा."

रितेश चहा न पिता उठला. निशिगंधाने उरलेल्या पाकिटांवर 'आधी गार पाण्यात कालवा' अशी चिठ्ठी डकवली आणि फारुकलाही फोनवर तसंच सांगितलं. महिन्याभराने फारुकची बहीण समरीन दारात उभी. "भाई म्हणतो, गोट्या नकोत, पिठी द्या. दहा पाकिटं. खोलीतल्या सगळ्यांना पाहिजे."

तर हिशेब असा. रितेशचा ॲडव्हान्स बुडाला. मुंबईच्या दुकानात दुसऱ्या कोणाची पिठी लागली, ते नुकसान निशिगंधाचं. मावशीने ग्रुप सोडला. पाकीट शोकेसमध्येच आहे. आप्पांनी एक नेलं, सुटे नाहीत म्हणून अर्धे पैसे बाकी ठेवले. पुरे पैसे, दोन्ही खेपेला, फारुकचे.