बाईंची कवळी

"मावशी, हे गळ्यात घाला," महोत्सवाच्या दारावरच्या मुलीने सप्तरंगी पट्टीला अडकवलेलं ओळखपत्र पुढे केलं.

"कशाला? मी काय हरवणार आहे?"

"तुम्ही आज पाहुण्या आहात. तुमचा सिनेमा आहे ना?"

"माझा नाही, बाईंचा," म्हणत दातवालीने पट्टी गळ्यात घातली. जन्मभर जी गोष्ट भिंतींनाही कळू दिली नाही, ती आता गळ्यात अडकवून फिरायची होती. तिला हसूही आलं आणि रागही.

आत जाऊन ती बसली आणि शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली. ही जुनी खोड. बाईंबरोबर सिनेमाला गेलं की मधे एक खुर्ची सोडून बसायचं, खुर्चीवर दोघींच्या पिशव्या. अंधार झाल्यावर पिशव्यांच्या खाली हात. ताकाला तूर लागू द्यायची नाही, हा बाईंचा नियम. बाई शाळेत गणित शिकवायच्या. शाळेतल्या बाईला असलं काही परवडत नाही.

दातवाली कवळ्या बनवायची. दाताचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, ती मागच्या खोलीत बसून दात लावून परत पाठवायची. बाईंना ती घरातही 'बाई' आणि 'अहो' म्हणायची. बाहेर चुकून एकेरी तोंडात येऊ नये म्हणून लावलेली सवय, तीच पुढे लाडाची झाली. 'मैत्रिणी आहेत, भाडं परवडावं म्हणून एकत्र राहतात,' असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दोघींचे केस पांढरे झाले तरी भाडं काही परवडेना!

पडद्यावर आधी दुसरे सिनेमे झाले. एकात दोन पोरं समुद्रात पोहत होती, शेवटी त्यातला एक मेला. दुसऱ्यात दोन बायका होत्या, त्यातलीही एक मेली. आपल्यातलं कुणी नुसतं सुखाने म्हातारं होत नाही वाटतं, दातवालीच्या मनात आलं. आम्ही झालो होतो की.

मग बाईंचा माहितीपट लागला. तो बाईंच्या भाचीने केला होता. भावाच्या घरातून ही एकटीच आत्याकडे यायची. गेल्या उन्हाळ्यात ती कॅमेरा घेऊन आली आणि बाई चक्क हो म्हणाल्या. "आता निवृत्त झाले. कोण काढणार मला शाळेतून?" म्हणाल्या.

दातवाली पुढे सरकून बसली. तिला बाईंना हसताना बघायचं होतं. तेवढ्यासाठीच ती आली होती. घरात फोटो म्हणावा असा नव्हताच, कारण फोटो म्हणजे पुरावा. एक होता शाळेच्या ओळखपत्रावरचा, तोंड घट्ट मिटलेला. बाईंचे दात लवकर गेले, तेव्हापासून हसताना त्या तोंडावर तळहात धरायच्या. मग दातवालीने जीव ओतून कवळी केली. बाईंचा पुढचा दात मुळात थोडा वाकडा होता, तसाच तिने नवाही वाकडा लावला. "सरळ लावला असता तर मला वाटलं असतं घरात परकी बाई आलीय," ती म्हणाली, आणि बाई हात बाजूला करून खदखदून हसल्या. त्यानंतर त्यांनी तोंड कधी झाकलं नाही.

पडद्यावर ओटा दिसला, खिडकी दिसली. दातवाली स्वतः दिसली, गालावरच्या तिळासकट. आणि तिच्याशेजारी, बाईंच्या चेहऱ्याच्या जागी, एक राखाडी डाग.

तिने चष्मा पुसला. डाग तसाच. बाई उठल्या की डाग उठायचा, वळल्या की वळायचा. मधेच बाईंचं हसणं आलं, तेच मोठ्ठं खदखदून, आणि डाग थोडा हलला. दातवालीने शेजारची पिशवी घट्ट धरली.

टाळ्या झाल्या, दिवे लागले, भाची मंचावर गेली. एका गृहस्थांनी माईक घेतला. "चेहरा पुसून टाकायची कल्पना जबरदस्त आहे. समाजाने ह्या बायकांना कसं अदृश्य केलं, ते तुम्ही एका फटकाऱ्यात दाखवलंत."

भाचीने एकदा दातवालीकडे बघितलं. "थँक्यू," ती म्हणाली. "तो निर्णय... सोपा नव्हता."

पुन्हा टाळ्या. मग कुणीतरी माईक दातवालीच्या हातात दिला. "तुम्हाला काय वाटलं?"

"मी तिला बघायला आले होते," दातवाली म्हणाली. बाईंना तिने पहिल्यांदाच चारचौघांत 'ती' म्हटलं होतं.

मग लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

भाचीने तिला गाडीतून घरी आणलं. घरात शिरल्यावर भाची बोलली.

"बाबांनी अट घातली, मावशी. आत्याचा चेहरा दिसला तर कोर्टात जाईन म्हणाले."

"आधी सांगायचंस."

"हिंमत झाली नाही."

"बरं. मूळचं असेल ना तुझ्याकडे? कुणाला नको दाखवू. मला एकटीला दाखव. एकदाच."

भाचीने मान खाली घातली. "बाबांनी समोर बसून पुसायला लावलं. नाहीतर सिनेमा बाहेरच पडला नसता."

"म्हणजे तू सिनेमा वाचवलास."



बाईंचा हा भाऊ म्हणजे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. बाई गेल्यावर लोकांसमोर 'आमची ताई' म्हणून डोळे पुसत होता. दवाखान्यात आल्या आल्या मात्र दातवालीला म्हणाला, "आता घरचे आलेत. तुम्ही निघा." बाईंची कवळी तेवढी तिच्याकडे राहिली होती, नर्सने काढून दिलेली. ती घेऊन दातवाली त्याच्या दारापर्यंत गेली. बाईंना बोळक्या तोंडाने नेऊ नका, एवढंच सांगायचं होतं. त्याने दार अर्धंच उघडलं. "आता तिला काय चावायचंय?" म्हणाला आणि लावून घेतलं.

दातवाली मोरीपाशी गेली. फळीवर काचेचा वाडगा होता, त्यात पाण्यात ती कवळी. कोरडी पडली की कवळी वाकते, म्हणून ती रोज पाणी बदलायची. आजही तिने जुनं पाणी ओतलं, कवळी मऊ ब्रशने घासली, ताजं पाणी घातलं. पुढचा वाकडा दात पाण्यात स्वच्छ दिसत होता.

मागून भाची आली आणि दारातच थांबली. "ही आत्याची? मावशी, चेहरा नाही तर निदान हे तरी..." तिचा आवाज भरून आला होता, रडणं खोटं नव्हतं. पण बोलता बोलता तिचा फोन वर आला होता.

"खाली कर तो."

"फक्त एक शॉट, मावशी. बाबा याला काय हरकत घेणार?"

"मी घेतेय ना," दातवाली म्हणाली आणि तिने वाडग्यावर तळहात ठेवला. फोन पर्समध्ये जाईपर्यंत तिने हात हलवला नाही.