दार उघड, आत्या आलीये

सकाळी ऑफिसचं कुलूप काढलं की ताई आधी खिडकी उघडायची, मग चहा ठेवायची आणि साइटवर आलेल्या प्रतिक्रिया वाचत बसायची. चहा रोज उतू जायचा. उपसंपादक रोज शेगडी पुसायचा आणि पुसता पुसता म्हणायचा की या साइटने अख्ख्या शहराला शिस्त लावली, संपादकबाई तेवढ्या राहिल्या.

बोलणं चेष्टेचं असलं तरी शहराला शिस्त लागली होती हे खरं. ताई शाळेत शिकवत होती तेव्हा तिने शाळेच्या गळक्या छपरावर एक ब्लॉग लिहिला. वाचणाऱ्याने तो पुढे पाठवला, त्याने आणखी पुढे, आणि ज्या साहेबांनी त्या छपराकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं ते स्वतः शिडी लावून वर चढले. ब्लॉगची बातम्यांची साइट झाली. ताईने नोकरी सोडली. पुढे पुढे तर साहेबलोक सकाळी बायकोशी बोलायच्या आधी ताईची साइट उघडून बघायचे, आपलं नाव त्यात नाही ना म्हणून.

पण लोकांनी ताईला डोक्यावर घेतलं ते ‘हरवले आणि सापडले’ या सदरामुळे. कुणाचे विसराळू आजोबा, कुणाचं गर्दीत सुटलेलं पोर, फोटो साइटवर पडायचा अवकाश, कुठून तरी वाचकाचा निरोप यायचा. मग ताई घरच्यांबरोबर स्वतः जायची आणि भेटीचा व्हिडिओ काढायची. ती रडारड, त्या मिठ्या लाखो लोक बघायचे. तुम्हीही बघितल्या असतील, डोळे पुसले असतील आणि दहा जणांना पाठवल्या असतील. काम चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही.

त्या दिवशी चहा उतू जात होता तेव्हाच ताईचा धाकटा भाऊ दारात उभा राहिला. त्याचं गॅरेज होतं, त्यामुळे हात काळे, पण शर्ट धुतलेला. त्याची मुलगी बबडी चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेली होती आणि लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका मुलाशी तिने लग्न केलं होतं. मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू. दोष एकच, तो ‘आपल्यातला’ नव्हता. तेव्हा याच भावाने मुलगी आम्हाला मेली असं सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं आणि ताईने त्याला फोनवर फैलावर घेतलं होतं. आता तो ऑफिसच्या फरशीवर फतकल मारून बसला आणि ओक्साबोक्शी रडला. चुकलो म्हणाला. बबडीची आई घासभर जेवत नाही म्हणाला. एकदा पोरीला भेटून माफी मागतो, फक्त फोटो टाक.

उपसंपादकाला ते पटलं नाही. मुलगी सज्ञान आहे, ती हरवलेली नाही, आपल्या पायांनी गेली आहे, तिचा ठावठिकाणा लागलाच तर आधी तिला विचारू आणि मग घरच्यांना सांगू, असं तो म्हणाला. ताई चिडली. जगाला शहाणपण शिकवणारी बाई, पण भावाचं रडणं बघून तिचं काळीज विरघळलं होतं.

“त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय,” ती म्हणाली. “तो मला फसवेल होय?”

फोटो गेला. खाली ताईने स्वतः ओळ लिहिली, ‘बबडे, बाबा वाट बघताहेत.’ लोक नेहमीप्रमाणे धावून आले. दुपारपर्यंत दुसऱ्या शहरातल्या एका बाईचा निरोप आला, ही मुलगी आमच्या गल्लीतल्या लाँड्रीत बसते, कालच माझ्या साड्या हिने घडी करून दिल्या. ताईने आनंदाने भावाला मिठी मारली आणि दोघं त्याच्या गाडीतून निघाली. मागच्या सीटवर थोरले काका बसले होते. त्यांच्या पायाशी चाक काढायची लोखंडी टॉमी पडली होती. गॅरेजवाल्याच्या गाडीत ती नसती तरच नवल, म्हणून ताईने दुसऱ्यांदा तिकडे पाहिलंही नाही.

लाँड्रीचं दार आतून बंद होतं. बबडीचा फोटो आत तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्याही मोबाइलवर येऊन पोचला होता, आणि दोघांची पाचावर धारण बसली होती. ताईने दार वाजवलं. आत इस्त्रीची वाफ सुस्कारत होती, पण उत्तर नाही. भाऊ भिंतीला चिकटून बाजूला उभा राहिला. “मला बघून घाबरेल ती,” तो हळूच म्हणाला. “तू हाक मार.”

ताईने मोबाइल सुरू केला, दारावर धरला आणि हाक मारली, “बबडे, दार उघड. आत्या आलीये.”

आत कुजबुज झाली. मुलगा नको नको म्हणत होता. मग बबडीचा आवाज आला, तो त्या व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतो. “अरे, आत्या आहे. आत्या बरोबर असली की मला कुणी काही करत नाही.”

कडी सरकली. दार पुरतं उघडायच्या आत भावाने ताईला खांद्याने बाजूला ढकललं आणि टॉमीचा पहिला घाव घातला. बबडी काउंटरवर पडली, हँगरची रांग तिच्यावर कोसळली. इस्त्रीवाला मध्ये आला, त्याच्या मनगटाचं हाड मोडलेलं ताईला ऐकू आलं. काकांनी त्याला मागून धरलं आणि त्याचा तळहात तापलेल्या इस्त्रीवर दाबला. तो किंचाळला तसा भाऊ म्हणाला, “ओरड, गल्लीला कळू दे.” आणि पुन्हा मुलीकडे वळला. बबडी पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यामागे सरकत होती. तिने बापाला हाक मारली नाही. तिने ‘आत्या’ म्हणून हाक मारली, दोनदा. ताईने भावाचा हात धरला, दातांनी चावली, त्याने कोपराने तिचं तोंड फोडलं. तो थांबला तेव्हा चादरी लाल झाल्या होत्या. गल्लीतली सगळी शटर खाली आली होती. मोबाइल जमिनीवर पडून सगळं टिपत होता.

दवाखान्यात बबडी तासाभराने गेली. तिची आई पोचली तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

तिकडे इस्त्रीवाल्याला पोलिसांनी ड्रेसिंग होताच चौकीत नेऊन बसवलं, कारण काकांनी त्यांना सांगून टाकलं होतं की नवऱ्यानेच तिला मारलं आणि बाप सोडवायला गेला. गल्लीतल्या कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. मग काका ताईजवळ आले, तिच्या फुटलेल्या ओठाकडे बघून हळहळले आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. पोरगी गेली ती गेली. आता भावाला तरी वाचव. व्हिडिओ पुसून टाक आणि साइटवर लिही, नवऱ्याने मारलं. तू लिहिलंस की लोक मानतात, पोलीस मानतात, कोर्टसुद्धा मानेल.

हे त्यांनी तिच्या कामाचं कौतुक म्हणून सांगितलं. भाऊ तुरुंगात जाणार ही कल्पना ताईला सहन होत नव्हती, आणि ती कल्पना सहन होत नाही याची तिला शरम वाटत होती. काकांनी ते ओळखलं. त्यांनी तिचा हात पिरगाळला आणि मोबाइल ओढून घेऊ लागले.

तेवढ्यात बबडीची आई उठली. आयुष्यभर नवऱ्यासमोर खालमानेने वावरलेली ती बाई काकांच्या अंगावर धावून गेली आणि तिने त्यांना असं ढकललं की ते बाकावर आदळले. मग ती नणंदेसमोर उभी राहिली.

“तिचा पत्ता मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, ताई. ती दर आठवड्याला फोन करायची. यांनी मला पट्ट्याने मारलं, चटके दिले, तरी मी चार महिने तोंड उघडलं नाही. तुम्ही एका दुपारीत सांगून टाकलंत.”

ताई काहीतरी बोलायला गेली.

“माफी मागू नका,” ती म्हणाली. “तो पोरगा तिकडे चौकीत बसलाय. त्याला सोडवा.”

दोघी चालत चौकीत गेल्या. ताईने मोबाइल पोलिसांच्या टेबलावर ठेवला आणि जबाब दिला. भाऊ समोरच बाकावर होता. तो म्हणाला, “ताई, माझी बहीण आहेस ना तू?”

“आहे,” ताई म्हणाली. “म्हणून तर तिने दार उघडलं.” आणि तिने जबाबावर सही केली. सही करताना ती हमसून हमसून रडत होती, पण हात थांबला नाही.

व्हिडिओ तिने साइटवर टाकला नाही, कुणालाही दिला नाही. बातमी मात्र स्वतः लिहिली. माझ्या भावाने आणि काकांनी माझ्या भाचीला मारलं. तिचा पत्ता मी दिला. तिने दार माझ्या हाकेवर उघडलं. यापुढे या साइटवर कुणाही सज्ञान माणसाचा पत्ता आधी त्याला विचारल्याशिवाय घरच्यांना मिळणार नाही, मग घरचे माझ्या पायावर डोकं आपटोत की माझं डोकं फोडोत. दोन्ही झालं. त्याच आठवड्यात ऑफिसच्या काचा फुटल्या, उपसंपादकाला रस्त्यात गाठून मारलं, आणि फरशीवर बसून रडणारे तीन बाप हात हलवत परत गेले.

त्या बातमीखाली हजारो प्रतिक्रिया आल्या. बऱ्याच जणांनी हळहळ लिहिली. पण सगळ्यांत जास्त लोकांना आवडलेली प्रतिक्रिया एकच वाक्याची होती, ‘बापाचं काय चुकलं?’ ती ज्यांना आवडली ते कुणी गुंड नव्हेत. दुकानं चालवणारी, शाळेत शिकवणारी, वेळेवर घरी परतणारी साधी माणसं आहेत, आणि त्यांच्यापैकी काही जण या क्षणी हेही वाचत असतील. त्यांच्या घरीही मुली आहेत. त्या मुलींनी आपल्या बाबांचं नाव त्या प्रतिक्रियेखाली पाहिलं आहे.