वाताची पुडी

राजेश्रीला एम. फार्मच्या संशोधनाचा विषय मिळाला तो कस्तुरामावशीच्या गुडघ्यांमुळं.

कस्तुराबाई ही तिच्या आईची थोरली बहीण. पालमच्या पलीकडं एका वस्तीवर राहायची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तसा सुग्रीव आणि ती असा त्यांचा एक कोयता; दरसाल दिवाळीनंतर उसाच्या टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. मागं एका हंगामाच्या आधी मावशीचे गुडघे आणि मनगटं अशी सुजली, की तिला भाकरी थापता येईना. आता हिचं तोडीला जाणं संपलं, असं घरानं धरूनच चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी तिला बाजारच्या दिवशी पालमला बसणाऱ्या मुंजाजी वैदूकडं नेलं. त्यानं वाताची पुडी दिली. आठवड्याभरात मावशी उठून हिंडायला लागली आणि त्या साली तिनं बाकीच्या बायांच्या बरोबरीनं ऊस तोडला. तेव्हापासून पुडी रोजची झाली.

"निस्ता झाडपाला हाय," मावशी सांगायची. "निर्गुडी, सुंठ आन् आजून कायबाय. पर लय गुणाची दवा."

राजेश्री झरी गावची. घरातून फार्मसीला गेलेली पहिलीच. निर्गुडीवर आजवर ढीगभर संशोधन झालंय हे तिला माहीत होतं, पण एवढ्या झटपट गुण देणारी पुडी तिनं ऐकली नव्हती. यात नक्की एखादी अशी वनस्पती आहे, जिच्याकडं कुणाचं लक्ष गेलेलं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. परभणीच्या कॉलेजात तिचे मार्गदर्शक होते सिद्धोधन सर. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी पुडीत भेसळ नाही एवढं बघ. मग वनस्पतीच्या मागं लाग."

तिला ते थोडं लागलंच. पण सरांनी सांगितलं म्हणून तिनं मावशीकडून पुड्या आणल्या, अर्क काढला आणि काचपट्टीवर एका बाजूला पुडीच्या अर्काचा ठिपका दिला, शेजारी बाजारातल्या काही औषधांचे शुद्ध नमुने. पट्टी द्रावणात उभी केली. द्रावण वर चढलं, तसे ठिपके आपापल्या उंचीवर जाऊन थांबले. यूव्ही दिव्याखाली पट्टी धरली, तर पुडीतला एक काळा ठिपका डेक्सामेथासोनच्या ठिपक्याच्या अगदी शेजारी, त्याच रेषेत उभा होता. तिनं पट्टी परत केली. पुन्हा तेच.

झाडपाला नावालाच होता. पुडीत स्टेरॉइड होतं.

राजेश्रीला आधी संताप आला. मावशीचा भरलेला गोल चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. बाया म्हणायच्या, कस्तुरा सुधारली. राजेश्रीलाही तसंच वाटलं होतं, आणि पुस्तकात तर स्टेरॉइडनं सुजलेल्या असल्याच चेहऱ्याचं चित्र होतं. पण संतापाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला नंतर फार छळणार होतं. तिला आनंद झाला होता. आपल्या हाताला काहीतरी खरं लागलं होतं.

सर म्हणाले, "मशीनवर पक्कं करू, मग औषध प्रशासनाला कळवू. तोवर गावात बोलू नकोस. घाई करायची नाही."

ती रविवारीच पालमच्या बसमध्ये बसली.

मावशी ओसरीत मूग निवडत होती. राजेश्रीनं फळीवरचा पुड्यांचा डबा काढला, अंगणात नेला आणि एकेक पुडी फोडून न्हाणीच्या पाण्यात ओतायला लागली.

"आगं आगं, काय करायलीस?" मावशी ओरडली.

"मावशी, इख हाय हे. यात झाडपाला न्हाईच. हाडं पोकळ होतेत यानं, साखर वाढती. तुजं तोंड सुजलंय ते यानंच."

मावशीनं गालाला हात लावला. "इख असतं तर मी उठले असते का गं?"

सुग्रीवकाका बैलाला पाणी दाखवत होते. ते म्हणाले, "हायती तेवढ्या तरी सरू दे की. इकत आणलेल्या हायती."

"एक बी न्हाई, काका. आजपासून बंद म्हंजे बंद."

तिचा आवाज असा काही ठाम होता, की काका परत बैलाकडं वळले. एम. फार्म शिकणारी पोरगी सांगतेय म्हटल्यावर बोलणार कोण? जाता जाता तिनं शेजारच्या कडूबाईलाही सांगितलं. कडूबाईनं आणखी चारचौघींना सांगितलं असणार. परतीच्या बसमध्ये राजेश्री खिडकीशी बसून होती. आपण एक चांगलं काम केलं, असं तिला वाटत होतं.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला. "राजू, अंगात जीवच न्हाई बघ. जेवण बी नको वाटायलंय. सांधे तर असे धरलेत, इचारू नको."

"होईल तसं थोडे दिवस. सवय लागली व्हती ना पुडीची."

फोन ठेवला आणि तिला आठवलं. बी. फार्मला असताना हा प्रश्न परीक्षेत आला होता आणि तिनं तो पान भरून लिहिला होता. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं, की शरीर स्वतःचं तयार करणं सोडून देतं. ते एकदम तोडलं, तर माणूस कोसळू शकतो. कमी कमी करत, डॉक्टरच्या नजरेखालीच सोडवायचं असतं.

ती प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून राहिली. पुडीत प्रमाण थोडंच असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मावशी काटक आहे, निघेल यातून. सरांना विचारावं, तर आपण गावात जाऊन बोललो हे सांगावं लागणार. उद्या विचारू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मशीनवर तिचा नंबर होता. निकाल पक्का निघाला. सरांनी पाठ थोपटली, आणि तेव्हा तर मावशीचं सांगणं तिनं टाळलंच.

त्यानंतर फोन आला तो प्रियंकाचा, मावशीच्या लेकीचा. "ताई, मायला कालपासून उलट्या व्हायलेत. गंगाखेडला आणलंय दवाखान्यात. ती नीट बोलंना."

राजेश्री मिळेल त्या गाडीनं गंगाखेडला पोचली. मावशी खाटेवर पडली होती, ओठ कोरडे, हाताला सलाईन. डॉक्टर तरुण होते. रक्तदाब बघून त्यांनी कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "यांना आधीपासून कुठलं औषध चालू होतं का? नीट आठवून सांगा."

"गोळ्या-बिळ्या काई न्हाईत साहेब," सुग्रीवकाका म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पुडी त्यांच्या लेखी डॉक्टरी औषध नव्हती, आणि ती तर बंदही झाली होती.

राजेश्री खाटेच्या पायथ्याशी उभी होती. सांगायचं होतं ते सगळं तिला येत होतं. औषधाचं नाव, किती दिवस चाललं, कधी तुटलं. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडंही पाहिलं. पण पुढचा प्रश्न काय येणार हे तिला दिसत होतं. बंद करायला कुणी सांगितलं? काका शेजारीच उभे होते. तिनं मान खाली घातली. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेले.

सलाईनची बाटली संपली, दुसरी लागली. नर्सनं पुन्हा रक्तदाब मोजला आणि लगबगीनं डॉक्टरांना सांगायला गेली. राजेश्री व्हरांड्यात गेली, नळाखाली तोंड धुतलं, परत आली. मावशीचा हात हातात घेतला तर गार आणि ओलसर. मावशीनं डोळे किलकिले केले. बऱ्याच वेळानं तिला राजेश्रीची ओळख पटली.

"तू आलीस व्हय," ती कशीबशी म्हणाली. "मंग आता फिकीर न्हाई."

राजेश्री हात सोडून धावतच डॉक्टरांच्या खोलीत गेली. एका दमात सगळं बोलली.

"बंद कुणी केलं?"

"मी. मी सांगितलं त्यांना."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. उठले, नर्सला हाक मारून इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि खाटेकडं गेले. दिवस कलेपर्यंत मावशीच्या हाताला ऊब आली. तिनं प्रियंकाकडं चहा मागितला. सुग्रीवकाकांनी भिंतीला टेकून डोळे पुसले.

डॉक्टर जाताना राजेश्रीजवळ थांबले. "मघाशी मी विचारलं, तेव्हा तुम्ही तिथंच होतात ना?"

"हो."

ते पायऱ्या उतरून गेले. रागावून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना फोन करून सगळं सांगितलं. सर चिडतील या तयारीनं ती बसली होती. सरांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीच्या बाया?"

बाकीच्यांचा तिनं विचारच केला नव्हता. मावशी अत्यवस्थ झाल्याचं कळताच मुंजाजीनं पालमची बैठक गुंडाळली होती. आता कुणाला पुडी मिळणारही नव्हती.

ती दवाखान्यातून तशीच वस्तीवर गेली. घरोघर हिंडून विचारलं, कोण कोण घेत होतं, कुणाकडं शिल्लक आहे. सांगितलं, एकदम सोडू नका, आहे ती तशीच चालू ठेवा, आणि उद्या माझ्यासंगं डॉक्टरकडं चला.

कडूबाई दारातच हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "तूच म्हनलीस इख हाय. आता तूच म्हंतीस घेत ऱ्हा. आमी काय समजावं?"

"माजं चुकलं, कडूमावशी. इख हाय ते खरंच. पर एकदम बंद करा म्हनले, ते चुकलं."

"तुज्या शिकण्यापायी आमचा जीव घेतीस का काय!" कडूबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती बसस्टँडवर आली. आणखी तिघीही आल्या. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासून स्टेरॉइडच्याच मोजून गोळ्या सुरू केल्या आणि त्या कशा कमी करत जायच्या ते समजावलं. एकीची साखर बेसुमार वाढलेली निघाली.

हळूहळू बातमी पसरली आणि तिचं काहीतरी भलतंच झालं. वैदूची लबाडी झरीच्या पोरीनं पकडली, मावशीला मरणाच्या दारातून आणलं. सुग्रीवकाका तर भेटेल त्याला सांगायचे, "डाक्टरला बी कळंना, आमच्या राजूनं वळखलं." डॉक्टरांच्या खोलीत ती काय बोलली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी राजेश्री विषय बदलायची, आणि लोकांना ती पोर विनयाची वाटायची.

घटस्थापनेच्या सुमारास ती वस्तीवर गेली. मावशी भिंतीला टेकून बसली होती. मनगटं परत सुजली होती. काका विळ्याला धार लावत होते. राजेश्री जमिनीवर बसली आणि तिनं सांगून टाकलं. एकदम पुडी तोडल्यामुळं मावशी पडली. आणि डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आपण माहीत असून गप्प बसलो.

काकांचा हात थांबला. त्यांनी विळा खाली ठेवला आणि उठून बैलाकडं गेले.

मावशीनं विचारलं, "तुला ठावं व्हतं? एकदम सोडू न्हाई म्हनून?"

"शिकले व्हते. त्या दिवशी आठवलं न्हाई. फोनवर बोललीस तवा आठवलं."

"मंग कामून बोलली न्हाईस?"

"भ्याले."

मावशी म्हणाली, "मला कळंना राजू, तुज्यावर रागवावं का काय करावं. रागवायला बी अंगात जोर लागतो." थोड्या वेळानं तिनं प्रियंकाला हाक मारून राजेश्रीला जेवायला वाढायला सांगितलं. राजेश्री जेवली. काका पानावर आले नाहीत.

दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रक वस्तीवर आला. त्या साली सुग्रीवकाका एकटेच गेले, अर्धा कोयता म्हणून. राजेश्री निरोप द्यायला आली होती. त्यांनी प्रियंकाच्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोला जपून राहा म्हणाले, आणि राजेश्रीकडं न बघता ट्रकवर चढले.

आता दर पंधरवड्याला ती सुट्टी काढून मावशीला गंगाखेडला नेते. गोळी निम्म्यावर आली आहे. सांध्यांवरचं खरं औषध वेगळं सुरू केलंय. ते सावकाश लागू होतं, आणि तोवर मावशीला उठता-बसता हात द्यावा लागतो. चेहऱ्याची सूज उतरली आहे. बाया आता म्हणतात, कस्तुरा खंगली.

परवा परतीच्या बसमधून रस्त्याच्या कडेला उसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग दिसत होती. मावशी बाहेर बघत होती.

"पुढल्या साली जाता येईल का गं मला तोडीला?"

होय म्हणणं सोपं होतं. मावशीला तेवढंच हवं होतं.

"सांगता येत न्हाई, मावशी," राजेश्री म्हणाली. "कदाचित न्हाई."

"बरं," मावशी म्हणाली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि डोळे मिटले.